विटांचा पूल आणि दिगूमामांची साक्ष

वस्तुस्थिती अशी आहे की तो पूल मी बांधला. तीन कमानींचा, भाजलेल्या विटांचा, चुन्यात जोडलेला, आणि वरून दिगूमामांची छोटी गाडी डब्यांसकट जाईल एवढ्या रुंदीचा. आमच्या नात्यातल्या लग्नांत आणि तेराव्यांत हा विषय निघाला की कोणीतरी हसून म्हणतोच, "सोड ना आता, खेळण्यातला पूल तो." खेळण्यातला असो की नदीवरचा, जो बांधतो त्याचा तो असतो, एवढे साधे तत्त्व मान्य करायला माझ्या नातेवाइकांना अख्खे आयुष्य पुरलेले नाही. त्यांनी ही हकीकत ऐकली ती दुसऱ्या बाजूकडून. दुसरी बाजू गोड बोलणारी होती आणि मी तेव्हाही गोड बोलत नसे. म्हणून, हात थरथरू लागला असला तरी अक्षर अजून शाबूत आहे तोवर, माझी बाजू येथे मांडून ठेवतो. कोणाला खोडून काढायची असेल तर त्याने लेखी काढावी.

आमचे घर सौंसरला. तिथे बोलणे मराठी, पण राज्य हिंदीचे. वडील तहसील कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली टेबल टाकून बसत. ते अर्जनवीस होते. कपाशीत जनावरे शिरलेला, बांध कोरलेला, पेन्शन अडकलेली म्हातारी, असे लोक त्यांच्यासमोर आपल्या बोलीत रडत आणि बाबा ते रडणे कचेरीच्या हिंदीत उतरवीत. 'सविनय निवेदन है कि' हे शब्द मी बाराखडीच्या आधी शिकलो असेन. दुःखाला परिच्छेद असतात, त्याला खाली तारीख आणि सही लागते, आणि त्याची एक नक्कल आपल्याजवळ ठेवायची असते, हे मला त्या झाडाखाली कळले. पुढे कॉलेजसाठी मला पांढुर्ण्याला मामांकडे ठेवले. मामी, मामा आणि मी अशी तीनच माणसे. मामांना मूल नव्हते. घर स्टेशनापासून जवळ, त्यामुळे मोठ्या लाइनीवरून मालगाडी गेली की फडताळातल्या पितळी डब्यांची झाकणे बारीक आवाजात किणकिणत, आणि मामा जेवता जेवता घास तसाच हातात धरून म्हणत, "कोळसा हाय. भरलेली चालली." रिकामी असली की झाकणांचा आवाज वेगळा येतो असा त्यांचा दावा होता. मामी ताटात गोळाकढी वाढत म्हणायची, "गाडी जाऊ द्या, कढी थंडी होऊन राहिली."

मामांना रेल्वेत जायचे होते. लोधीखेड्याला, म्हणजे माझ्या आजोळी, घरामागून छोट्या लाइनीची, म्हणजे अरुंद रुळांवरची, गाडी जाई आणि तिच्या शिट्टीवर त्या घराचा दिवस चाले. परीक्षेत मामा पास झाले. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. लाल आणि हिरवा हे दोन्ही रंग त्यांना एकाच मळकट रंगाचे दिसत. ज्याला सिग्नल दिसत नाही त्याला रेल्वे कशी घेणार? पुढे नशिबाने त्यांना नानाशेठ नावाच्या संत्र्याच्या व्यापाऱ्याकडे मुनीम करून बसवले, जिथे दिवसभर हिरव्या आणि नारिंगी फळांचेच ढीग. संत्रे पिकले की नाही हे ते अंगठ्याने दाबून आणि नाकाशी धरून ठरवीत, आणि क्वचितच चुकत. डोळ्यांची गोष्ट घरात सर्वांना ठाऊक होती. बाहेर कोणालाही नव्हती.

शेठच्या गोदामाला मागच्या अंगाला एक लांबट कोठा होता. पावसात तिथे ओल येई म्हणून माल ठेवीत नसत. तो शेठने मामांना वापरू दिला होता, आणि तिथे मामांनी आपली रेल्वे मांडली होती. संत्र्यांच्या पेट्या उलट्या घालून त्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीचे डोंगर, लाकडाच्या भुशाला शाईत भिजवून केलेली शेते. पेट्यांना बांधायच्या लोखंडी पट्ट्या उभ्या चिरून त्यांनी रूळ केले होते. इंजिन डालड्याच्या डब्याच्या पत्र्याचे, आणि त्याच्या पोटात एका बिघडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटर. हुबेहूब छोटी लाइन: लोधीखेड्याचे स्टेशन, सौंसरचे स्टेशन, फाटकाजवळ बसलेली मातीची म्हातारी. गाडी लोधीखेड्याहून निघे, आणि सौंसरच्या अलीकडे नाल्याशी येऊन थांबे. कारण नाल्यावर पूल नव्हता. खऱ्या नाल्यावर तीन कमानींचा विटांचा पूल आहे. मामांच्या नाल्यावर नुसती एक फळी टाकलेली होती आणि ती त्यांना सहन होत नसे. गाडी फळीवरून न्यायची वेळ आली की ते मोटरच बंद करीत.

त्यांचा बेत पुठ्ठ्याचा पूल करून त्यावर विटांची रेघ ओढलेला कागद चिकटवायचा होता. मी म्हणालो, "मामा, कागदाचा कायले? विटाच करू."

"येवढ्याशा विटा? कोण करीन रे?"

"मी."

मामांनी माझ्याकडे पाहिले. "कर मंग. पण लाल जमला का नाई जमला, ते मले नोको विचारू."

पूर्ण उन्हाळा मी त्या कामात घालवला. मित्र नदीवर पोहायला जात होते, सिनेमाला जात होते. आम्ही दोघे बसने लोधीखेड्याला जाऊन खऱ्या पुलाखाली उभे राहिलो आणि सुतळीला गाठी मारून मापे घेतली. माप चालू असताना वरून गाडी गेली. विटांचा भुगा आमच्या मानेवर गळला आणि मामा डोळे मिटून उभे राहिले, जसा एखादा माणूस तीर्थ अंगावर घेतो. खरी वीट वीतभर लांब. आमची करंगळीच्या नखाएवढी. जाम नदीच्या काठच्या भट्टीवरून माती आणली, मामीच्या जुन्या पातळाच्या तुकड्यातून गाळली, राख मिसळून मळली आणि मामीच्याच पोळपाटावर लाटली. मामी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, पण लाटणे मात्र रोज सकाळी धुऊन माझ्या उशाशी ठेवायची. लाटलेल्या मातीवर ताणलेल्या दोऱ्याने उभे-आडवे कापायचे, सुपाखाली सावलीत वाळवायचे. पहिली खेप शेगडीत भाजली तर फुटाण्यासारखी उडाली. मग मडक्यात राखेचे थर देऊन त्यात विटा पुरल्या, मडक्याचे तोंड लिंपले आणि भोवती कपाशीची वाळकी पऱ्हाटी पेटवली. दुसऱ्या दिवशी मडके फोडले तेव्हा मधल्या विटा गाजरी, कडेच्या काळपट आणि काही थेट खऱ्या पुलाच्या रंगाच्या निघाल्या होत्या. मी रंगांचे वेगवेगळे ढीग लावले. मामा शेजारी बसून विचारीत, "हा कोणता? अन् हा?" त्यांना सगळे सारखे दिसत होते, आणि तरी ते एकेक वीट अशी धरीत जशी ती बोलणार आहे.

चुन्याची गोष्ट आमच्या खास मूर्खपणाची. जुन्या बांधकामात चुन्यात बेलफळाचा गर आणि गूळ घालतात हे मामांनी ऐकले होते. आम्ही गुळात हात आखडता घेतला नाही. पहिली कमान उभी केली, वरून ओले फडके झाकले आणि घरी आलो. सकाळी पाहतो तर कोठ्याच्या भिंतीपासून पुलापर्यंत लाल मुंग्यांची ओळ, आणि ओल्या सांध्यांत प्रत्येकीने आपापले घर करून टाकलेले. मामा पोट धरून हसले. "मन्या, गाडी सुरू व्हाच्या आधीच पॅसेंजर येऊन बसले रे!" ती कमान पाडली. दुसऱ्या खेपेस नुसता बेलाचा गर घातला.

कमान बांधताना खाली आधार लागतो आणि ती घट्ट झाली की तो आधार काढावा लागतो. झटक्याने काढला तर कमान ढासळते. आम्ही डालड्याचा डबा अर्धा चिरून त्याचा साचा केला आणि तो ज्वारी भरलेल्या पुरचुंड्यांवर टेकवला. कमान वाळली तशी पुरचुंड्यांना टोचा मारून मी ज्वारी दाणा दाणा गळू दिली. साचा केसभर खाली आला, आणखी केसभर, आणि कमान जागची हलली नाही. मामांनी मामीचा वरवंटा आणून वर ठेवला. नंतर दोन्ही हातांचा भार दिला. मग ते बाहेर गेले आणि पानठेल्यावरून माझ्यासाठी मिठा पान घेऊन आले, जे त्या घरात मला पहिल्यांदाच मिळत होते. तिसरी कमान झाली त्या संध्याकाळी गाडी लोधीखेड्याहून निघाली ती न थांबता सौंसरला पोचली. घरी आल्यावर मामांनी मामीला सांगितले, "मन्याचा पूल पास झाला." त्या दिवसापासून घरात त्याचे नाव मन्याचा पूल असेच होते. घरात हा शब्द वाचकाने नीट लक्षात घ्यावा.

आता पोळ्याकडे येतो. आमच्या भागात मोठ्या पोळ्यानंतर मुलांचा तान्हा पोळा भरतो. मुले लाकडाचे नंदी सजवून आणतात, घरोघर नेतात, आणि लोक त्यांच्या हातावर पैसे आणि खाऊ ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे गाव गोटमारीच्या दगडफेकीसाठी नदीवर असे, म्हणून आमच्या मोहल्ल्यातला तान्हा पोळा एक दिवस उशिरा भरे. तिथे सजावटीला बक्षीस होते आणि नियम असा की सजावट मुलाने स्वतःच्या हाताने केलेली असावी. नियम सर्वांना माहीत होता आणि कोणी पाळत नव्हते, हे मी मान्य करतो. पण न पाळणे वेगळे आणि विचारल्यावर खोटे बोलणे वेगळे. हा फरक मी आजवर अनेक कार्यालयांना पत्रे लिहून समजावला आहे आणि प्रत्येक वेळी आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी पाठवले आहे, एवढेच उत्तर आले आहे.

आदल्या दिवशी मामा म्हणाले, "शेठचा नातू हाय ना, पिंटू, त्याच्या नंदीसाठी पूल नेऊन राहिलो. नंदी पुलावरून चालवाचा. एका सकाळपुरता." मी आनंदाने हो म्हणालो. माझे काम मोहल्ला पाहील असे वाटले. मी स्वतः रात्री पुलाच्या कडेची धूळ ब्रशने काढली.

मैदानात तोरण बांधले होते. पिंटू सात वर्षांचा, रेशमी झब्ब्यात, घामाने डबडबलेला. त्याने नंदीची दोरी ओढली, नंदी खडखडत पूल चढला आणि उतरला, आणि लोकांनी अशी दाद दिली की दुसऱ्या मुलांचे नंदी कोणी पाहिलेच नाहीत. परीक्षक म्हणून एक निवृत्त हेडमास्तर होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. ते वाकून कमानीखाली डोकावले आणि विचारले, "वा. पूल कोणं बांधला?"

नानाशेठ म्हणाले, "आमच्या पिंटूनं. सोताच्या हातानं."

गुरुजी हसले. ते मूर्ख नव्हते. त्यांनी मामांकडे पाहिले. "काय दिगंबरराव? खरं हाय?"

मी मामांपासून हातभर अंतरावर उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते म्हणाले, "हाव गुरुजी. पोरानंच बांधला. आमी निस्ता चिखल मळून देल्ला."

"खोटं आहे," मी म्हणालो. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. "तो पूल मी बांधला आहे."

लोक वळून पाहू लागले. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते सगळ्यांकडे पाहून हसत म्हणाले, "हा आमचा भाचा. चिखल यानंच मळला. लई मळला बिचाऱ्यानं." मैदान हसले. कोणीतरी मागून ओरडले, "मंग चिखलाचंबी बक्षीस देऊन टाका!" गुरुजींनी, बहुधा मला सावरण्यासाठीच, बोजाऱ्याच्या ताटातले नाणे आणि बत्तासा उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. "घे बाबू, तुलेबी बोजारा." बक्षीस पिंटूला दिले. मला मिसरूड फुटले होते. खांद्यावरचा हात अजून तसाच होता, आणि त्या हाताचे वजन मला आजही सांगता येईल.

घरी मामीने पुरणपोळी वाढली. कोणी खाल्ली नाही. मामा ताट बाजूला सारून म्हणाले, "मन्या, तुनंच बांधला. मले काय माहीत नाई?"

"तिथं का नाई म्हटलं मंग?"

"तिथं नाई म्हणता येत."

"इथं म्हणून काय फायदा?"

"अरे, घरातलीच माणसं महत्त्वाची. बाहेरच्यायले काय कराचं हाय? शेठनं कोठा देल्ला म्हणून गाडी चालून राहिली. तो म्हणीन ते हो म्हणाच लागते." मग मामीकडे पाहून, जसे काही मोठे दान देत आहेत अशा आवाजात, "तू आयक वं. पूल मन्यानं बांधला. झालं आता?"

झाले नाही. आजही झालेले नाही. बंद दाराआड दिलेली कबुली ही कबुली नसते. ती फक्त देणाऱ्याची झोप सुधारते. मी त्यांना एकच मागणे घातले: उद्या गुरुजींकडे चला आणि हेच वाक्य त्यांच्यासमोर म्हणा. मामा उठले, हात धुतले आणि कोठ्याकडे निघून गेले. थोड्या वेळाने मामी म्हणाली, "तुले खरं पाहिजे का मामा पाहिजे, ते ठरव बापा." मामीवर माझा राग नाही. पण हा प्रश्न ज्याला विचारायला हवा होता तो मी नव्हतो.

मी सौंसरची बस धरली. मला वाटले होते, सगळ्या तहसिलीची गाऱ्हाणी लिहिणारा माणूस आपल्या मुलाचे एक गाऱ्हाणे लिहील. बाबांनी सगळे ऐकून घेतले, टाक पुसला आणि म्हणाले, "लोकायचे अर्ज लेहाचे असते. आपल्या सख्ख्या मामाविरुद्ध कोणी लेहते का?"

"मामाविरुद्ध नाही बाबा. खोट्याविरुद्ध."

"कचेरीत दोन्ही एकाच फाइलीत लागते."

आई चुलीपाशी आंबाडीची भाजी घोटत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याची रोजी शेठकडं हाय, मन्या. माहा एकच भाऊ हाय." घोटणी तशीच चालू राहिली.

म्हणून माझा पहिला अर्ज मी स्वतः लिहिला, बाबांच्याच टेबलावर, त्यांच्याच कागदावर, दुपारी ते जेवायला घरी गेले असताना. सविनय निवेदन है कि. विटा कशा केल्या, साचा कसा उतरवला, सगळे लिहिले. मामांना लाल रंग ओळखू येत नाही, मग इतक्या नेमक्या रंगाच्या विटा त्यांच्या देखरेखीखाली सात वर्षांच्या मुलाने कशा निवडल्या, असा बिनतोड मुद्दा माझ्याजवळ होता. तो मी लिहिला नाही. ती घरची गोष्ट होती आणि घरची गोष्ट घरात ठेवणे म्हणजे काय हे मला मामांपेक्षा बरे कळत होते. पांढुर्ण्याला परतून अर्ज मी गुरुजींच्या हातात दिला, आणि नक्कल माझ्याजवळ ठेवली.

गुरुजी न्यायी माणूस. ते पोळ्याच्या समितीतल्या दोघांना घेऊन कोठ्यात आले. शेठ पिंटूला घेऊन आले. मामा इंजिन पुसत बसले होते. गुरुजींनी पिंटूला जवळ घेतले, कमान दाखवली आणि विचारले, "बेटा, हे मधातून खाली काऊन नाई पडत?"

"मले काय माहीत?" पिंटू म्हणाला. "दिगूकाकानं पूल आणला, मी नंदी चालवला. मले गाडी दाखवा ना!"

एक सदस्य फिस्सकन हसला. शेठच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरले. गुरुजी मामांकडे वळले. "दिगंबरराव, आता बोला. कोणं बांधला?"

मामांनी इंजिनाचे एक चाक पुसले. मग दुसरे पुसले. मी वाट पाहिली. बाहेर पेट्यांना खिळे ठोकल्याचा आवाज येत होता. मामांनी तिसरे चाक पुसायला घेतले.

गुरुजींनी बक्षीस परत घ्यायचे ठरवले. मी म्हणालो, "गुरुजी, पूल माझा आहे हेही निर्णयात यावे." त्यांनी चष्मा काढला. "बाबू, पिंटूनं नाई बांधला, येवढं आम्ही पाह्यलं, येवढंच आम्ही म्हणू शकतो. तू बांधला हे ज्यानं पाह्यलं, तो तर बोलून नाई राहिला." कायद्याने ते बरोबर होते. खटला मी जिंकलो होतो आणि हातात काहीही पडले नव्हते.

आठवड्याच्या आत शेठने मामांना निरोप दिला की या बहाराला माल जास्त आहे, मागचा कोठा रिकामा पाहिजे. ओल येते, माल सडेल, हे मामा बोलले नाहीत. यावरून आमच्या नात्यात जे ठरले ते आजपर्यंत कायम आहे: मन्याच्या कागदाने मामाची गाडी बंद पडली. मागच्याच वर्षी एका मुंजीत एका शहाण्या जावयाने हे मला तोंडावर ऐकवले. मी त्याला दुसऱ्या दिवशी सविस्तर पत्र लिहिले. गाडी कागदाने बंद पडली नाही. ज्या दिवशी मैदानात खोटे बोलून कोठ्याचे भाडे भरले गेले, त्या दिवशीच ती बंद पडली. फक्त भाडे माझ्या खिशातून गेले होते म्हणून कोणाला ते दिसले नाही. जावयाचे उत्तर आलेले नाही.

कोठा रिकामा करायच्या दिवशी मी कॉलेजातून येत असताना मामांनी मला हाक मारून आत बोलावले. रूळ उपटून झाले होते. डोंगर फोडून पोत्यात भरले होते. सौंसरचे स्टेशन मामीच्या टोपलीत होते. फक्त पूल जागेवर होता. पोळ्याला सुटा नेलेला, परत आल्यावर मामांनी खालच्या फळीला चुन्याने पक्का बसवलेला, आणि आमच्या दोघांच्या अंदाजापेक्षा जड. शेठचे चार हमाल त्याच्याभोवती उभे होते.

मामा म्हणाले, "मन्या, याले कुठून धराचं? सांग बेटा. तुलेच माहीत."

मला माहीत होते. खालची फळी करवतीने कापून, दोन्ही टोकांच्या भिंतींखाली ती तशीच ठेवून, फळीसकट उचलायचा. कठड्याला हात लावायचा नाही. ते सांगायला एक वाक्य पुरले असते.

मी म्हणालो, "ज्यानं बांधला त्याले विचारा. शेठच्या घरी असन तो."

मामांनी माझ्याकडे पाहिले. मैदानात जे पाहिले नव्हते ते तेव्हा पाहिले. मग ते हळूच हमालांना म्हणाले, "उचला." दोघांनी दोन बाजूंनी कठडे धरले आणि हिसका दिला. मधली कमान आधी उघडली, अगदी सावकाश, जसे कोणी जांभई द्यावी. बाकीच्या दोन तिच्या पाठोपाठ गेल्या. आवाज फारसा झाला नाही. तांदूळ सांडल्यासारखा झाला.

मी हे आज लिहिताना स्वतःला अनेकदा विचारून पाहिले आहे, आणि उत्तर प्रत्येक वेळी तेच येते. तो प्रश्न मला विचारण्याचा त्यांना अधिकार उरला नव्हता.

मामा खाली बसले आणि धोतराचा ओचा पसरून विटा वेचू लागले. एक हमाल त्यांची समजूत घालत म्हणाला, "जाने दो मुनीमजी, खिलौना ही तो था."

"खिलौना नोको म्हणू," मामा म्हणाले. इतक्या मोठ्याने की पुढच्या गोदामातून शेठ दारात येऊन उभे राहिले. मामांनी शेठकडे पाहिले आणि आवाज कमी केला नाही. "माह्या भाच्यानं बांधला. एकेक वीट त्याची हाय. मी निस्ता चिखल मळला."

दारात नानाशेठ होते, समोर चार हमाल होते, टोपली घेऊन मामी होती. म्हणजे उघडपणे, साक्षीदारांसमक्ष, कोणी न विचारता केलेले विधान. मी मागितले होते तेच. त्यात काही उणे काढता येणार नाही. फक्त ज्या वस्तूविषयी ते होते, ती तोवर मामांच्या ओच्यात मूठ मूठ करून गोळा होत होती, आणि लाल कोणती, काळी कोणती, हे न कळता ते सगळ्याच विटा एकत्र भरत होते.